सावरखिंडीचा गारठा

सावरखिंडीत गाडी थांबवून चहा घेणारा पाहुणा पहिला घोट पोटात गेला की हटकून म्हणतो, "काय गारठा आहे हो तुमच्या गावात!" त्याचं काही चुकत नाही. पौषात इथला वारा दरीतून असा उठतो की हातातला कप थरथरतो. पण टपरीवरच्या इंदूवहिनी त्या शब्दासरशी मान खाली घालतात आणि उगाच किटलीचं झाकण उघडून आत बघतात. बाकावर बसलेले दोघे-तिघे हसू दाबतात. मग त्यांच्यातला कुणीतरी पाहुण्याकडे सरकून हळूच सांगतो, "दादा, थंडी म्हणा. हीव म्हणा, कडाका म्हणा. तो शब्द इथं नको."

सावरखिंडीत गारठा हवेत नसतो, माणसात असतो. ग्रामसभेत सगळं ठाऊक असून जो खाली बघत बसतो, त्याला 'गारठला' म्हणतात. घरात दूध असून "दूध फाटलं बघा" असं सांगून बिनदुधाचा चहा पुढे करणारं घर ते 'गारठं घर'. विटीदांडूत बाद होऊनही दांडू न सोडणाऱ्या पोराभोवती बाकीची पोरं "गारठ्या! गारठ्या!" करत नाचतात, आणि तो पोरगा रडतो, कारण दुसऱ्या कुठल्याही शिवीपेक्षा ही शिवी झोंबते. सोयरीक जमवताना "त्या घराला जरा गारठा आहे" एवढं कानावर आलं तरी बोलणी पुढे सरकत नाहीत. आणि वर्षभर अबोला धरलेला भाऊ एखाद्या सकाळी येऊन "चूक माझी होती" म्हणाला, तर लोक म्हणतात, "गारठा उतरवला गड्यानं."

टपरीच्या समोर, खिंडीच्या तोंडाशी, काळ्या दगडांचा एक बुटका चौथरा आहे. थंडीचे दिवस सुरू झाले की त्यावर शेकोटी पेटते ती होळीपर्यंत विझत नाही. घरटी पाळी असते, लाकूड ज्याचं त्यानं आणायचं. पण पाहुण्यांना नवल वाटतं ते चौथऱ्याच्या खालच्या दगडांचं. आजूबाजूचा सगळा डोंगर कोरडाठाक असताना ते दगड ओले असतात. हात लावला तर बोटांना ओल लागते. गावात म्हणतात, दगडाला घाम फुटतो.

हे असं का, हे विचारलं की लोक धाकूतात्यांकडे बोट दाखवतात. म्हातारे धाकूतात्या काठी टेकत येतात, शेकोटीजवळ बसतात आणि म्हणतात, "आधी शेका, मग ऐका."

ते सांगतात ती गोष्ट फार जुनी आहे. त्या वेळी घाटात रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती. तिला खारवाट म्हणत, कारण तिच्यावरून मीठ वर येई. घाटाच्या पायथ्याला तळकरंजे नावाचं गाव. तिथली माणसं खाडीवरून मीठ आणत, गोणी पाठीवर घेत आणि ही उभी चढण चढून घाटमाथ्यावर येत. मीठ द्यायचं, नाचणी-वरी घ्यायची आणि परत उतरायचं. या मीठवाल्यांमध्ये पोशा म्हणून एक उतारवयाचा माणूस होता. अंगानं वाळकुडा, पण तोंडानं मोकळा. तळकरंज्यातल्या बऱ्याच मुली सावरखिंडीत दिलेल्या होत्या. पोशा त्या सगळ्यांचा मामा. मिठाच्या गोणीसोबत तो प्रत्येकीच्या आईचा निरोप आणायचा. कुणाला सुकी मासळी, कुणाला आमसुलं, कुणाला नुसतंच "बरी आहेस ना" असं विचारणं.

धुरपा त्यातलीच एक. खिंडीकडून गावात शिरलं की पहिलं घर लागतं, त्या घरची ती सून. त्याला वरलं घर म्हणत. पोशा तिच्या माहेरच्या शेजारचा. त्याची लेक चांगुणा आणि धुरपा एका अंगणात खेळून मोठ्या झालेल्या. त्यामुळे पोशाची हाक खिंडीतून आली की धुरपाला माहेरच चालत आल्यासारखं वाटे, असे सांगतात.

सावरखिंडीची देवी सावरजाई. तिचा त्या काळी एक नेम होता. पौषातल्या अवसेला गावातला सगळा जुना विस्तव विझवायचा. पहाटे देवळात लाकडावर लाकूड घुसळून नवा विस्तव पाडायचा आणि घराघरानं तो चुलीत न्यायचा. तो दिवस आणि ती रात्र नवा विस्तव उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. गेला तर त्या घराची ऊब त्याच्यासोबत जाते, असं मानत. ज्या घरात म्हातारं आजारी असे, बाई बाळंतीण असे, त्या घरी तर दाराशी माणूस बसवत.

धुरपाच्या मनात या नेमाची भीती खोल बसलेली होती. आदल्या हिवाळ्यात तिचं पहिलं मूल छाती भरून गेलं होतं. सासू तान्हाई तिला समोर काही बोलली नाही. पण पाणवठ्यावर बायकांत म्हणाली होती, "कुणाच्या हातानं विस्तव भाईर गेला, देवीला ठावं." धुरपानं कुणाला विस्तव दिला नव्हता. तरी तिला रात्ररात्र आठवत राहायचं, की चुकून एखादा निखारा उंबऱ्यावर पडला होता का, शेजारणीच्या पोरानं उचलला होता का. आता पाळण्यात दुसरं मूल होतं. यंदा विस्तव जपायचा, एवढंच तिनं ठरवलं होतं.

त्या वर्षी अवसेला नवलच झालं. सकाळपासून धुकं उतरलं ते उठेचना. वरून झिमझिम पाऊस. ऐन पौषात पाऊस, त्यात दरीतला वारा. समोरच्या घराचं आढंही दिसत नव्हतं. चुलींचा धूर छपरांतून निघे आणि धुक्यात मिसळून जाई. धूर कुठला आणि धुकं कुठलं, कळत नव्हतं.

दिवस कलायच्या सुमाराला धुरपाच्या अंगणात हाक आली.

"धुरपे! आहेस का गो?"

पोशा दारात उभा होता. घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. ओठ निळे पडले होते, तरी तो हसत होता. गोणी त्यानं पडवीत टेकवली. कमरेचं लहान मडकं काढून तिच्यापुढे धरलं. वाटेवर मीठवाले अशा मडक्यात राखेखाली निखारा जपून नेत.

"वाईच विस्तव दे गो. मडकं इझलं. चकमक मारून मारून हात दुखले. ठिणगी पडते, नि भिजला कापूस तिच्याकडं बघून हसतो." तो शिंकला. "नाक तर असं चोंदलंय की पुढ्यात बोंबील भाजले तरी कळायचं नाय. तेवढा निखारा दे, मी जातो कपारीत. घरात येत नाय, तुमचा नेम असंल."

मीठवाले नेहमी खिंडीतल्या कपारीतच मुक्काम करत, आपलं आपण रांधून खात. तो काही जास्त मागत नव्हता.

धुरपा दार अडवून उभी होती. तिच्या पाठीमागे चूल चांगली धडधडत होती. पाळण्याशी बसलेल्या तान्हाईनं नकारार्थी मान हलवली. एकदाच. धुरपाला ती न बघताही कळली.

खरं सांगता आलं असतं. मामा, आज देता येत न्हाई, एवढंच. पोशा हसून पुढे गेला असता. पण माहेरच्या माणसाला, ज्याचं मीठ रोजच्या भाकरीत होतं त्याला, त्या हवेत तोंडावर नकार द्यायचा तिला धीर झाला नाही. भीड पडली. आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मामा, आमचीच चूल गारठलीया. लाकडं वली. सकाळपासनं पेटली न्हाई बघा."

पोशाचं हसू गेलं. "अगो! नि तान्हं पोर?"

"हाय की. गुंडाळून ठेवलंय."

"गुंडाळून?" तो पुटपुटला. मग त्यानं घोंगडीच्या आतून एक पुडकं काढून तिच्या हातात दिलं. आईनं दिलेली सुकी मासळी. ती तेवढी कोरडी राहिली होती. "गोणी राहू दे इथं. मी बघतो कुणाकडं."

तो धुक्यात शिरला. धुरपा दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, पुढचं घर देईल. कुणीतरी देईलच. पण तिच्या कानावर वेगळंच आलं. पोशा आता स्वतःसाठी मागत नव्हता.

"अहो बाय, वरल्या घरची चूल गारठलीय. तान्हं पोर हाय तिथं. वाईच विस्तव द्या, मी नेऊन देतो."

शेजारीण दारात आली. वरल्या घरची चूल पेटलेली आहे, हे त्या बाईला ठाऊक होतं. सकाळी दोघी जोडीनंच देवळातून विस्तव घेऊन आल्या होत्या. पण धुरपानं काय उत्तर दिलं, ते तिला समजलं. आणि तेच उत्तर तिला सोयीचं वाटलं. नेमही पाळला जाईल, वाईटही दिसणार नाही.

"आमची बी गारठलीया, बाबा."

मग त्यापुढचं घर. मग त्याच्या खालचं. धुक्यातून हाक लांब लांब जात होती आणि प्रत्येक दारातून तोच शब्द परत येत होता. खुद्द गावचा प्रमुख, गावकर मानाजी, ज्याच्या घरी देवीचा विस्तव सर्वांत आधी जाई, तोही उंबऱ्यावर येऊन म्हणाला, म्हणे, "यंदा देवीचा कोप झाला. गावात निखारा न्हाई."

पोशा परत आला तेव्हा तो जवळजवळ धावत होता. वरल्या घरापाशी तो थांबलाही नाही. जाता जाता ओरडला, "धुरपे, घाबरू नको गो! अख्खं गाव गारठलंय. मी खाली जाऊन विस्तव घेऊन येतो. तवर पोराला छातीशी धर!"

धुरपा उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या तोंडात हाक आली होती. मामा, थांबा. पण ती हाक दिली असती, तर सगळं सांगावं लागलं असतं. फक्त स्वतःचं नाही, साऱ्या गावाचं.

"दार लाव," आतून तान्हाई म्हणाली. "वारं शिरतंय."

धुरपानं दार लावलं. आत ऊब होती. पोर पाळण्यात घाम येऊन झोपलं होतं. इथपर्यंत आले की धाकूतात्या शेकोटीत एक ढलपी सारतात.

सकाळी धुकं गेलेलं होतं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. धुरपा घागर घेऊन सर्वांच्या आधी बाहेर पडली, कारण घरात तिला बसवेना. पाणवठ्याची वाट खिंडीवरून जाते. खिंडीच्या तोंडाशी, जिथं आज चौथरा आहे तिथं, दगडाला पाठ लावून पोशा बसलेला होता. अंगावर घोंगडी नव्हती. घोंगडी मडक्याभोवती गुंडाळलेली होती आणि ते मडकं त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. धुरपानं हात लावला. माणूस थंड पडला होता. मडकं गरम होतं.

ती जागा अशी आहे की तिथून सारं गाव दिसतं. त्या सकाळी वारा नव्हता. घराघराच्या छपरातून धूर सरळ वर चढत होता.

पोशानं तो धूर पाहिला की त्याआधीच त्याचा जीव गेला, हे कुणालाच माहीत नाही. त्याचे डोळे उघडे होते, असे काही सांगतात. मिटलेले होते, असेही सांगतात. पाहुणे तात्यांना विचारतात, तुमचं काय म्हणणं? तात्या म्हणतात, "मिटलेले असावेत, एवढंच आपण म्हणायचं."

धुरपाची घागर तिथंच राहिली. ती ओरडत गावात आली. माणसं जमली, मानाजी आला. कुणी काही बोलायच्या आत घाटाखालून आवाज आले. पुष्कळ माणसांचे. दम लागलेले.

"आलो रे! धीर धरा! विस्तव आणलाय!"

तळकरंज्याची माणसं चढण चढत होती. सावरखिंड गारठली, तिथं निखारा उरला नाही, असं पोशानं घरोघरी जाऊन सांगितलं होतं. ती माणसं म्हणाली होती, उजाडू दे, सगळे मिळून जाऊ. पोशा थांबला नाही. आपलं मडकं भरून एकटाच पुढे निघाला. आणि आता ती सगळी येत होती. कुणाकडे निखाऱ्यांची मडकी, कुणाच्या पाठीवर कोरडी लाकडं, कुणाकडे घोंगड्या, गोधड्या. धुरपाला त्या आवाजांतले कितीतरी आवाज ओळखू येत होते.

मानाजीनं मागे वळून गावाकडे पाहिलं. छपराछपरावर धूर.

"चुली इझवा," तो म्हणाला. आवाज दबका होता, पण सगळ्यांनी ऐकला. "पळा! ते वर यायच्या आत."

आणि सारं गाव पळालं. यावर आजही सावरखिंडीतली माणसं मान वर करून बोलत नाहीत. जो विस्तव देवीच्या भीतीनं त्यांनी एका भिजलेल्या म्हाताऱ्याला दिला नाही, त्याच विस्तवावर त्यांनी माणसांच्या भीतीनं घागरीच्या घागरी ओतल्या. धुरपानंही घरातली पाण्याची कळशी ओतली. चूल फुस्स करून उठली. राख उडाली, वाफेनं घर भरलं, पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं.

तळकरंज्याची माणसं खिंडीत आली. पुढे चांगुणा होती. तिनं बापाला पाहिलं. ती खाली बसली. त्याच्या पायांवरून हात फिरवला, मग घोंगडी उलगडली, मडक्यातली वरची राख बोटानं सारली. आत लाल दिसलं.

"पोचला तर," ती म्हणाली.

ती रडेल म्हणून बायका पुढे झाल्या. पण ती उठली. मडक्यातला एक निखारा खापरीवर घेऊन, त्याला हातानं आडोसा करत, ती सरळ धुरपापाशी आली.

"चल. आधी तुझी चूल. बा राहून राहून तेच म्हणत होता, धुरपीचं पोर, धुरपीचं पोर. चल गो, अशी उभी काय राहिलीस?"

धुरपाला तिच्या मागून आपल्याच घरात जावं लागलं. चांगुणा चुलीपुढे गुडघ्यांवर बसली. निखारा ठेवायला जागा करावी म्हणून तिनं राखेत हात घातला आणि झटकन मागे घेतला. राख ओली होती आणि चटका बसावा इतकी गरम होती. चुलीच्या दगडांतून अजून वाफ येत होती.

 चांगुणा हाताकडे बघत राहिली.

"आत्ताच जरा धरली व्हती," तान्हाई घाईघाईनं सांगू लागली. "नि ह्या पोरीच्या हातनं पानी सांडलं..."

धुरपाला ते वाक्य पुढे न्यायचं होतं. तिच्या जिभेवर तयार होतं. हो, सांडलं. एवढं म्हटलं असतं तर झाकून गेलं असतं. पोर रडत होतं. घर गरम होतं, दारं-खिडक्या बंद ठेवलेल्या घरासारखं गरम. बाहेरून आलेल्या माणसाला ते अंगावर येत असणार, हे तिला कळत होतं.

"सांडलं न्हाई," ती म्हणाली. "म्या वतलं. चूल गार नव्हती, चांगुणे. काल बी नव्हती. मामा दारात हुभा व्हता तवा माझ्या पाठीमागं पेटलेली व्हती."

चांगुणानं वर पाहिलं. "मग?"

"नेम व्हता. आणि न्हाई म्हणायला भीड वाटली."

"भीड?" चांगुणानं तो शब्द असा उच्चारला, जणू तिनं तो पहिल्यांदाच ऐकला.

ती बाहेर आली. अंगणात दोन्ही गावं उभी होती. तळकरंज्याची माणसं मडकी हातात घेऊन, कुठल्या घरात जायचं याची वाट बघत. धुरपा तिच्या मागोमाग आली आणि सर्वांसमोर, तळकरंज्याहून आलेल्या स्वतःच्या भावासमोरही, तेच पुन्हा बोलली. चूल गार नव्हती. खोटं आधी मी बोलले. बाकीच्यांचं तिनं काही सांगितलं नाही. ते त्यांनी सांगायचं होतं.

कुणी सांगितलं नाही. चांगुणानं एकेकाकडे पाहिलं. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. मानाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. कुणाच्या हातावर अजून राखेचे ओले डाग होते, कुणाचं धोतर भिजलेलं होतं, आणि भिजलेल्या छपरांतून शेवटची वाफ निघत होती.

तेव्हा चांगुणा जे बोलली, ते गावात अजून जसंच्या तसं सांगतात.

"माझा बा थंडीनं गारठला. तुम्ही उन्हात उभे राहून कशानं गारठलात?"

तिनं बापाचं मडकं आणून खिंडीत त्या दगडावर ठेवलं. "हा त्यानं तुमच्यासाठी आणलाय. घ्या, नाहीतर विझवा. पाणी आहेच तुमच्याकडं." मग तळकरंज्याच्या माणसांनी पोशाला गोधडीत घेतलं आणि ती सगळी घाट उतरून गेली. आणलेली लाकडंही कुणी परत नेली नाहीत. मिठाची गोणी धुरपाच्या पडवीत तशीच राहिली.

त्यापुढचं नवल असं सांगतात. धुरपानं त्या मडक्यातला निखारा नेला आणि तिची ओली चूल पहिल्याच फुंकरीला धरली. बाकी गावात काही पेटेना. चकमकी झाल्या, देवळात लाकडं घुसळून झाली, सावरजाईपुढे नारळ झाले. ठिणगी पडे आणि मरे. कुणी कुणी अंधार पडल्यावर गुपचूप मडक्यातून निखारा उचलून नेई. तो उंबऱ्यापर्यंत लाल असे आणि चुलीत टाकला की कोळसा. पोरं कच्चं पीठ कालवून खाऊ लागली. धुरपाच्या घरी जाऊन विस्तव मागायचं तोंड कुणाला नव्हतं, आणि धुरपाला आपण होऊन नेऊन द्यायचं धाडस नव्हतं.

शेवटी ती शेजारीण दिवसाढवळ्या खिंडीत आली. मडक्यासमोर उभी राहिली.  मग ती म्हणाली, "आमची चूल गार नव्हती." निखारा घेतला, घरी नेला. तो धरला.

मग एकेक घर येऊ लागलं. प्रत्येकानं तेच म्हणायचं, मोठ्यानं, दुसऱ्याला ऐकू जाईल असं. मानाजी सर्वांत उशिरा आला. गावकरानं कसं म्हणावं, म्हणून तो अडून बसला होता. घरात म्हातारी आई हिवानं काकडायला लागली तेव्हा तो आला. गाव जमलेलं होतं. तो बोलला, पण कुणाला ऐकू आलं नाही. निखारा विझला. त्यानं दुसरा उचलला आणि पुन्हा बोलला, या वेळी रडतच, असे म्हणतात. त्याचं बोलणं संपलं तेव्हा कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. बघायचा अधिकार कुणालाच वाटत नव्हता.

पोशाच्या गोणीतलं मीठ गावात कुणी तोंडात घातलं नाही. धुरपानं ती गोणी स्वतः पाठीवर घेतली, खिंडीत नेली आणि पोशा बसला होता त्या जागी पुरली. वर दगड रचले, दगडांवर ते मडकं ठेवलं. शेकोटी तेव्हापासूनची. दगडांना ओल येते ती खालच्या मिठानं, असं शिकलेली माणसं सांगतात. तात्या ती गोष्ट नाकारत नाहीत. "मिठानंच असंल," ते म्हणतात. "पण मीठ तिथं कशानं गेलं?"

धुरपाचं ते पोर जगलं, मोठं झालं. पुढे चांगुणानं तिला माहेरी बोलावणं पाठवलं होतं, म्हणे. एकदा नाही, पुष्कळदा. धुरपा निघायची, खिंडीपर्यंत जायची, शेकोटीत लाकूड सारायची, खाली तळकरंज्याच्या छपरांकडे बघत बसायची आणि परत यायची. घाट ती पुन्हा कधी उतरली नाही.

सावरजाईचा नेम मात्र गावानं बदलला. आजही पौषातल्या अवसेला देवळात नवा विस्तव पाडतात, पण पहिला निखारा कुणाच्याही घरी जात नाही. तो गावाबाहेर, खिंडीतल्या चौथऱ्यावर जातो. तिथून मग घरटी एक माणूस तो घेतं. आता घरोघरी गॅस आहे. तरी माणसं येतात, गॅस पेटवायलाही त्या दिवशी खिंडीतलाच निखारा नेतात, आणि नेण्याआधी सर्वांसमोर तेवढं एक वाक्य म्हणतात. मुंबई-पुण्याला गेलेली पोरंही त्यासाठी रजा काढून येतात. ती लांब उभी राहतात, आपली पाळी आली की पुढे होतात, पटकन म्हणतात आणि कान लाल करून मागे सरतात.

पहिली पाळी अजून वरल्या घराची असते. ते घर म्हणजेच इंदूवहिनींचं. चहाची टपरी आहे ती जागा पूर्वी त्या घराची पडवी होती. पाहुण्यानं 'गारठा' म्हटलं की त्या किटलीत का बघतात, हे तेव्हा पाहुण्याच्या ध्यानात येतं. मग तो रिकामा कप खाली ठेवतो, आणि वहिनी न विचारता तो पुन्हा भरतात. टपरीची चूल त्या कधी पूर्ण विझू देत नाहीत. दार वाजलं, गाडी थांबली, कुणी नुसतं वाटेवर उभं राहिलं, तरी त्यांचा हात आधी चुलीकडे जातो.

अवसेच्या सकाळी वहिनी चौथऱ्यापाशी येतात, वाकून एक हात खालच्या दगडाला लावतात आणि धुरपा म्हणाली होती तेच म्हणतात, "आमची चूल गार नव्हती." दगडाची ओल हाताला लागते. तो हात त्या पदराला पुसत नाहीत. दुसऱ्या हातात निखारा घेऊन, तो ओला हात तसाच अंगापासून जरा लांब धरून, त्या घराकडे चालू लागतात.